खत फेकू नका, पेरून द्या

पिकाच्या खर्चात बियाणे, मजुरी आणि पाणी यांच्या जोडीला खतांचा खर्चही आता जड होऊ लागला आहे. शेतकरी मेळाव्यात आणि शिवारफेरीत आम्हाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. कोणते खत द्यावे आणि किती द्यावे? खत कुठे द्यावे, हा तिसरा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. अनेकांचे खत वाया जाते ते या तिसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. म्हणून या लेखात त्याचाच विचार केला आहे.

प्रथम थोडा हिशेब पाहू. युरियाचे पोते २०१८ पासून ४५ किलोचे झाले आहे. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे एका पोत्यात सुमारे २०.७ किलो नत्र आले. परंतु जमिनीत टाकलेल्या नत्रापैकी साधारणपणे ३० ते ५० टक्केच त्या हंगामातील पिकाला लागू पडते. म्हणजे वीस किलोंतले सहा ते दहा किलो पिकाच्या अंगी लागले, बाकीचे हवेत उडाले, पाण्याबरोबर गेले किंवा मातीतील जिवाणूंनी धरून ठेवले. स्फुरदाची स्थिती याहून बिकट आहे. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात २३ किलो स्फुरद असते आणि त्यातला १५ ते २० टक्केच पहिल्या पिकाला मिळतो, म्हणजे जेमतेम चार-साडेचार किलो. पालाशची कार्यक्षमता ५० ते ६० टक्के धरतात, तर जस्तासारख्या सूक्ष्म अन्नद्रव्याची केवळ २ ते ५ टक्के.

हे आकडे वाचून खते देणेच बंद करावे असे कोणी समजू नये. पिकाला न मिळालेला स्फुरद जमिनीतच राहतो व पुढील पिकांना थोडा थोडा मिळत राहतो. नत्राचे तसे नाही, गेलेले नत्र बहुतांशी गेलेच. मुद्दा असा की आपण खताची मात्रा वाढवत जातो, पण दिलेल्यातले मुळापर्यंत किती पोहोचते हे पाहत नाही. त्यात युरिया स्वस्त आणि डीएपी त्याच्या कितीतरी पट महाग. १९९२ साली स्फुरद व पालाशयुक्त खतांच्या किमतींवरील नियंत्रण उठले, युरियाचे मात्र तसेच राहिले. २०१० मध्ये अन्नद्रव्यांवर आधारित अनुदानाची पद्धत आली, तीतही युरिया बाहेरच राहिला. त्यामुळे युरियाची मूठ सैल आणि स्फुरद, पालाश, गंधकाची मूठ आवळलेली, असे चित्र बहुतेक गावांत दिसते.

काळ्या जमिनीत स्फुरद अडकतो कसा?

महाराष्ट्रातील दख्खनच्या पठारावरील काळ्या जमिनी बऱ्याच ठिकाणी चुनखडीयुक्त आहेत. ढेकूळ फोडले की पांढरे खडे दिसतात. त्यावर सौम्य आम्ल टाकले तर फेस येतो. अशा जमिनीचा सामू साडेसातच्या पुढे, कित्येकदा आठ-साडेआठपर्यंत असतो. डीएपी किंवा सुपर फॉस्फेटमधील स्फुरद पाण्यात विरघळणारा असतो, परंतु तो चुन्याच्या संपर्कात आला की कॅल्शियमशी संयोग पावतो आणि हळूहळू कमी विरघळणाऱ्या रूपात जातो. मातीशी संपर्क जितका जास्त, तितके हे काम लवकर होते.

आता फेकलेल्या खताचे काय होते ते पाहा. मूठभर डीएपी वाफ्यात विखुरला की प्रत्येक दाणा सुटा पडतो व चहूबाजूंनी चुनखडीच्या मातीने वेढला जातो. त्याउलट तेच दाणे एका ओळीत, एका पट्टीत पेरले तर त्या पट्टीतील माती स्फुरदाने भरून जाते. पट्टीच्या कडेची माती स्फुरद धरते, पण आतला भाग बराच काळ मुळांना उपलब्ध राहतो. खताच्या पट्टीचा फायदा होण्याचे हे एक कारण झाले.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. स्फुरद जमिनीत चालत नाही. नत्र पाण्याबरोबर खाली उतरते, बाजूला सरकते. स्फुरद जिथे पडला तिथून फार तर दोन-तीन सेंटिमीटर हलतो. म्हणजे स्फुरद मुळाकडे जात नाही, मुळाने स्फुरदाकडे यावे लागते. आणि मूळ कुठे जाते? जिथे ओल आहे तिथे. पाऊस आठवडाभर उघडला की काळ्या जमिनीचा वरचा दोन बोटांचा थर सुकून भेगाळतो. त्या थरातील केशमुळे वाळतात. आपण फेकलेला डीएपी नेमका त्याच थरात पडलेला असतो. खत शेतात आहे, पीकही शेतात आहे, पण दोघांची गाठ पडत नाही.

रब्बी ज्वारीच्या बाबतीत तर ही गोष्ट डोळ्यांनी दिसते. सोलापूर, नगरकडील कोरडवाहू रब्बी ज्वारी पावसाळ्यात साठलेल्या ओलीवर येते. पेरणीनंतर पाऊस येईलच याची खात्री नसते, ओल रोज खाली खाली जात असते. अशा ठिकाणी वर फेकलेले खत पीक काढणीपर्यंत कोरड्या मातीत तसेच पडून राहण्याचा धोका असतो. म्हणूनच कोरडवाहू रब्बी ज्वारीला सर्व खत पेरणीच्या वेळी, दोन चाड्यांच्या पाभरीने, बियाण्याच्या खाली ओलीत पेरून देण्याची शिफारस आहे. मध्यम जमिनीत हेक्टरी ४० किलो नत्र व २० किलो स्फुरद, भारी जमिनीत ६० किलो नत्र व ३० किलो स्फुरद द्यावे. एका चाड्यातून बी, दुसऱ्यातून खत. चाड्यावर मूठ धरणाऱ्या माणसाचे कसब असेल तर यंत्राला मागे टाकील इतके एकसारखे खत पडते.

"डीएपी पेरणीबरोबर दिले आणि पाऊस गेला तर?"

कापूस आणि सोयाबीनच्या पट्ट्यात हा प्रश्न आम्हाला नेहमी ऐकू येतो, आणि तो चुकीचा नाही. मृगाचा पाऊस झाला, पेरणी केली, पुढे पंधरा दिवस पाऊस नाही. दुबार पेरणीची वेळ आली तर बियाणे गेले ते गेलेच, खतही गेले असे शेतकऱ्याला वाटते. म्हणून तो उगवण होईपर्यंत थांबतो. ओळी दिसू लागल्या, पीक वीस-पंचवीस दिवसांचे झाले, की मग डीएपी ओळीच्या कडेने फेकतो.

या विचारात अर्धी चूक आहे. स्फुरदाची गरज पिकाला सर्वांत जास्त लागते ती कोवळेपणी, मुळांची वाढ होताना. पंचवीस दिवसांनी वर फेकलेला स्फुरद या गरजेला उपयोगी पडत नाही, आणि वर सांगितल्याप्रमाणे तो खालीही उतरत नाही. शिवाय पेरणी फसली तरी पेरलेला स्फुरद जमिनीतच राहतो. दुबार पेरणी त्याच ओळींत किंवा त्यांच्या जवळ केली तर त्यातला बराच भाग नव्या पिकाला मिळतो. धोका आहे तो नत्राचा. म्हणून कापसासारख्या पिकात स्फुरद व पालाश पेरणीच्या वेळी पूर्ण द्यावे आणि नत्र मात्र विभागून, पीक उभे राहिल्यावर, पावसाचा अंदाज घेऊन द्यावे. खर्च वाचवायचाच असेल तर नत्राचा हप्ता मागे ठेवावा, स्फुरदाचा नाही.

सोयाबीनची पेरणी आता बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राने होते. या यंत्राला खताचा वेगळा कप्पा असतो. पण भाड्याने यंत्र आणले की तो कप्पा रिकामा ठेवून पेरणी उरकण्याची घाई होते, कारण खत भरायला वेळ लागतो आणि यंत्रवाल्याला पुढच्या शेतात जायचे असते. काही जण तर बी आणि खत एकाच कप्प्यात मिसळून पेरतात. हे कदापि करू नये. डीएपी किंवा युरियाचा दाणा बियाण्याला चिकटून पडला की त्यातून निघणाऱ्या अमोनियामुळे व क्षारांमुळे कोंब जळतो, उगवण विरळ होते. बियाण्याला लावलेले रायझोबियमसारखे जिवाणूही मरतात. खत बियाण्याच्या खाली सुमारे पाच सेंटिमीटर आणि बाजूला पाच सेंटिमीटर, म्हणजे दोन-तीन बोटे अंतरावर पडले पाहिजे.

सोयाबीन, भुईमूग यांसारख्या तेलबियांना स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेट घेतले तर त्यातून सुमारे ११ टक्के गंधकही मिळते. डीएपीत गंधक नसते. सुपर फॉस्फेट चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून ओळीत दिले तर चुनखडीच्या जमिनीत ते अधिक लागू पडते, कारण शेणखतातील सेंद्रिय आम्ले चुन्याला काही प्रमाणात गुंतवून ठेवतात. झिंक सल्फेट मात्र डीएपी किंवा सुपर फॉस्फेटबरोबर मिसळू नये. जस्त आणि स्फुरद यांचा न विरघळणारा संयोग होतो आणि दोन्ही वाया जातात. ते शेणखतात मिसळून वेगळे द्यावे.

भातखाचरातील गोळी

खत खोल देण्याचे सर्वांत बोलके उदाहरण कोकणातील भातशेतीत सापडते. तिथली अडचण चुनखडीची नाही. तिथे पाऊस धो धो, खाचरात पाणी उभे, आणि बांधावरून वाहणाऱ्या पाण्याबरोबर युरियाही खालच्या खाचरात जातो. उरलेल्याची गत आणखी वेगळी. उभ्या पाण्यात युरिया विरघळला की त्याचे अमोनियात रूपांतर होते. पाण्यातील शेवाळामुळे दुपारी पाण्याचा सामू वाढतो व अमोनिया हवेत उडतो. जे नत्र मातीच्या वरच्या पातळ थरात शिरते त्याचे नायट्रेट बनते, कारण त्या थराला पाण्यातून थोडा प्राणवायू मिळतो. हे नायट्रेट खालच्या कोंडलेल्या चिखलात झिरपले की तेथील जिवाणू त्याचा वायू करून सोडून देतात.

परंतु हाच चिखल योग्य प्रकारे वापरला तर नत्राची तिजोरी होतो. सात ते दहा सेंटिमीटर खोल प्राणवायू नसतो, त्यामुळे तिथे ठेवलेल्या अमोनियाचे नायट्रेट होत नाही. ते मातीच्या कणांना धरून बसते आणि भाताची मुळे ते सावकाश घेत राहतात. याच तत्त्वावर डॉ. एन. के. सावंत यांनी विकसित केलेल्या चारसूत्री भात लागवडीत युरिया-डीएपीच्या दाबून केलेल्या गोळ्या, म्हणजे ब्रिकेट, वापरतात. रोपांची लावणी १५ व २५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतराने करतात, त्यामुळे चार चुडांचा एक चौकोन तयार होतो. लावणीच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी त्या चौकोनाच्या मध्यभागी २.७ ग्रॅमची एक गोळी हाताने सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचतात. एका गुंठ्याला, म्हणजे आरला, ६२५ गोळ्या लागतात. हेक्टरी हिशेब केला तर ६२,५०० गोळ्या, वजन सुमारे १६९ किलो. त्यातून साधारण ५७ किलो नत्र व २९ किलो स्फुरद मिळते. भाताला रूढ पद्धतीत हेक्टरी १०० किलो नत्र व ५० किलो स्फुरद देतात, त्याच्याशी हा आकडा ताडून पाहावा.

या पद्धतीला माणूसबळ जास्त लागते, हे मान्य केले पाहिजे. लावणीच्या घाईत वाकून गोळ्या खोचणे सोपे नाही. पण युरियाचे पुढील हप्ते देण्याची मजुरी वाचते आणि मुसळधार पावसाने दिलेला हप्ता धुऊन जाण्याची काळजीही राहत नाही. गोळ्या ओल धरून विरघळतात, म्हणून पिशवी उघडी ठेवू नये. त्यांत पालाश नसतो, तो चिखलणीच्या वेळी वेगळा द्यावा.

खोडव्याला पहार

ऊस बागायतदारांना हे तत्त्व पहारीमुळे परिचित आहे. सातारा जिल्ह्यातील पाडेगाव येथील मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्राने खोडव्यासाठी पहारीने खत देण्याची पद्धत शिफारस केली आहे. खोडव्याची मुळे जुनी, जमीन आवळलेली आणि वर पाचटाचा थर. अशा पाचटावर युरिया फेकणे म्हणजे नत्र उडवून देण्याची सोय करणे होय. युरियाचा अमोनिया करणारे विकर, म्हणजे युरिएज, पाचटावर भरपूर असते, आणि झालेला अमोनिया धरून ठेवायला तिथे माती नसते.

म्हणून ऊस तुटल्यावर पाचट जाळू नये, सरीत पसरावे. ते कुजण्यासाठी हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. हे खत पिकासाठी नसून पाचटासाठी आहे, हे लक्षात घ्यावे. पिकाचे खत निराळे. हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद व ११५ किलो पालाश दोन समान हप्त्यांत द्यावे. पहिला हप्ता तोडणीनंतर १५ दिवसांच्या आत, दुसरा १३५ दिवसांनी. बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर, १५ ते २० सेंटिमीटर खोल पहारीने छिद्र घ्यावे, त्यात खत टाकून मातीने बुजवावे. दोन छिद्रांत ३० सेंटिमीटर, म्हणजे एक फूट अंतर ठेवावे. दुसऱ्या हप्त्याच्या वेळी ओळीच्या दुसऱ्या बाजूने छिद्रे घ्यावीत.

एका छिद्रात किती खत टाकायचे, याबाबत गोंधळ होतो. चार फुटी सरी असेल तर एकरात सुमारे ११,२०० छिद्रे होतात. युरिया, सिंगल सुपर फॉस्फेट व म्युरेट ऑफ पोटॅश मिळून एका हप्त्याचे मिश्रण एकरी साधारण २९० किलो भरते. म्हणजे प्रत्येक छिद्राला २६ ग्रॅम. एखादी छोटी डबी किंवा झाकण घेऊन त्यात २६ ग्रॅम मिश्रण कुठपर्यंत येते ती खूण करावी व त्याच मापाने टाकत जावे. अंदाजाने टाकले तर पहिल्या दहा सऱ्यांना जास्त आणि शेवटच्या सऱ्यांना काहीच नाही, असे होते. मिश्रण सकाळी केले तर त्याच दिवशी संपवावे. युरिया आणि सुपर फॉस्फेट एकत्र राहिले की पाणी सुटते व खत चिकट होते.

युरियाचा वरखताचा हप्ता

उभ्या पिकात प्रत्येक वेळी खत खोल पेरणे शक्य नसते. मका, ज्वारी, कापूस या पिकांना वरखत देताना युरिया ओळीपासून तीन-चार बोटे अंतरावर वापशावर द्यावा आणि लगेच कोळपे फिरवून मातीआड करावा. मातीआड गेलेल्या युरियातून निघणारा अमोनिया मातीचे कण धरून ठेवतात. बागायतात कोळपणे शक्य नसेल तर युरिया दिल्यावर हलके पाणी द्यावे. युरिया पाण्याबरोबर खाली जातो, म्हणून त्याला मातीआड करण्याचे काम पाणीही करते. पाणी मात्र हलकेच हवे. सरी तुडुंब भरून सोडली की तोच युरिया मुळांच्या खाली निघून जातो. ओल्या पृष्ठभागावर, कडक उन्हात युरिया फेकून तसाच ठेवणे ही सर्वांत वाईट वेळ होय, विशेषतः सामू आठच्या पुढे असलेल्या जमिनीत.

२०१५ पासून देशात तयार होणारा युरिया निंबोळी तेलाचे आवरण देऊन विकला जातो. त्यामुळे अमोनियाचे नायट्रेट होण्याची गती मंदावते. पण पृष्ठभागावरून अमोनिया उडून जाणे निंबोळीच्या आवरणाने थांबत नाही. म्हणून निमकोटेड युरिया आहे, आता फेकला तरी चालेल, असा समज करून घेऊ नये. ठिबक असलेल्यांना हा प्रश्न फारसा नाही. तिथे खत पाण्याबरोबर थेट मुळांच्या ओलीत पडते, फक्त लाटरल बंद करण्याआधी थोडा वेळ साधे पाणी सोडावे.

पेरणी यंत्र शेतात नेण्यापूर्वी

खत पेरायचे ठरवले तरी यंत्रातून ठरलेली मात्रा पडते का, हे बघणे आवश्यक आहे. मागच्या वर्षी ज्या खुणेवर पट्टी ठेवली होती तीच या वर्षी चालेल असे नाही. दाण्याचा आकार बदलला, हवा दमट असली की पडण्याचा वेग बदलतो. तपासणी सोपी आहे. समजा यंत्र पाच फणांचे असून दोन फणांतील अंतर ४५ सेंटिमीटर आहे. म्हणजे एका फेरीत सव्वादोन मीटर रुंदी पेरली जाते आणि एक एकर पेरण्यास यंत्राला सुमारे १,८०० मीटर चालावे लागते. एकरी डीएपीचे एक पोते, म्हणजे ५० किलो द्यायचे असेल तर ५० मीटर अंतरात सर्व नळ्यांतून मिळून १ किलो ४०० ग्रॅमच्या आसपास खत पडले पाहिजे. खताच्या नळ्यांच्या तोंडाला पिशव्या बांधून बांधाच्या कडेने ५० मीटर यंत्र चालवावे आणि वजन करावे. जास्त पडले तर पट्टी आवळावी, कमी पडले तर सैल करावी, व पुन्हा मोजावे. प्रत्येक पिशवीचे वजन वेगळे करून पाहिले तर कोणती नळी चोंदली आहे तेही कळते. संध्याकाळी यंत्र उभे करण्यापूर्वी खताचा कप्पा रिकामा करून कोरड्या फडक्याने पुसावा. रात्रभर राहिलेले खत ओल धरते, चाकांना घट्ट बसते आणि दुसऱ्या दिवशी दोन फणांतून एक दाणाही पडत नाही. शेताच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत ते कोणाच्या लक्षातही येत नाही.